'पुलमनकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर: पेनिक्स, एअर रेड आणि शनिवारचा ॲपल कप

मागच्या लेखाखाली 'पुलमनकर' या नावाने आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांच्या नजरेतून सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की क्वार्टरबॅक (पास फेकणारा खेळाडू) मायकल पेनिक्सचा पासिंगचा खेळ पाहता येत्या शनिवारचा, २५ नोव्हेंबर २०२३ चा ॲपल कप, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या दोन विद्यापीठांच्या अमेरिकन फुटबॉल संघांमधला सामना, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे हस्कीजच जिंकणार. त्यावर पुलमनकरांचं म्हणणं असं: "नुसता हवेत बॉल फेकून ॲपल कप जिंकता येत नाही, हे माइक लीचच्या कूग्जनी सात वर्षं हरून दाखवलंय." (कूग्ज म्हणजे पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा संघ, आणि लीच त्यांचा तेव्हाचा प्रशिक्षक.) शिवाय ओरेगॉनच्या सामन्यानंतर पेनिक्स पूर्वीचा राहिलेला नाही, हस्कीजच्या पास अडवणाऱ्या फळीची कूग्जचा क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड चाळण करेल, आणि ज्यांनी पैशासाठी पॅक-१२ ही दोन्ही संघांची साखळी मोडली त्यांनी परंपरेच्या गप्पा मारू नयेत. या सगळ्याच्या आधी, सलामीलाच: "हा एक्सेलमध्ये फुटबॉल बघणाऱ्या आयटीवाल्याचा लेख आहे, मैदानावर गेलेल्या माणसाचा नाही."

आधी या सलामीचंच बोलू. मतभेद असू द्या, त्यासाठीच प्रतिक्रियांची सोय ठेवली आहे. पण समोरचा माणूस कोण, कुठून आला, त्याने काय पाहिलं याची काडीमात्र माहिती नसताना उचलली जीभ लावली टाळ्याला, याला काय म्हणायचं? माझ्या लेखात आकडे होते हे खरं. लेख पासिंगवर असेल तर त्यात यार्ड येणारच, टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवून मिळणारे गुण) येणारच. आकडे दिले म्हणून मी सामना पाहिलाच नाही, हा निष्कर्ष तुम्ही कुठून काढलात?

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असा सामना असला की आमच्या घरी दुपारच्या जेवणाची वेळ बदलायची. तो फुटबॉल वेगळा, पायाने खेळायचा, पण हाडवैर म्हणजे काय हे मला कुणी अमेरिकेत आल्यावर शिकवलेलं नाही. पेठेतली माणसं वर्षभर एकमेकांच्या लग्नाला जातात आणि सामन्याच्या दिवशी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, हे मी लहानपणापासून बघत आलोय.

२००८ मध्ये मी मास्टर्ससाठी वॉशिंग्टन विद्यापीठात आलो. त्या हंगामात हस्कीज बारापैकी बाराही सामने हरले. पुलमनमध्ये झालेला त्या वर्षीचा ॲपल कपही दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये १६-१३ असा गेला, आणि तोही अशा कूग्जकडून ज्यांना स्वतःलाच त्या वर्षी धड काही जिंकता येत नव्हतं. त्या वर्षी विद्यार्थी पास घेऊन पावसात बसणारे आम्ही मोजके लोक होतो. यशाच्या वर्षी जांभळी टोपी घालून आलेला मी नाही. तेव्हा मैदान मला शिकवू नका.

आता तुमचं मुख्य वाक्य. सात वर्षं, २०१३ ते २०१९, लीचचे कूग्ज हस्कीजकडून हरले, हे शंभर टक्के खरं आहे. त्याआधी २०१२ मध्ये ओव्हरटाइमला ३१-२८ असा त्यांनी एकदा विजय मिळवला, तेवढाच. पण हरले हे एक, आणि पासिंगमुळे हरले हे दुसरं. तुम्ही पहिलं सांगितलंत आणि दुसरं गृहीत धरलंत.

२०१४ च्या ॲपल कपला कॉनर हॅलिडे पाय मोडून बसला होता आणि नवख्या ल्यूक फॉकला उतरवावं लागलं. २०१५ ला फॉक स्वतःच दुखापतीमुळे बाहेर होता. म्हणजे सातांपैकी दोन वर्षं तुमचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅकच मैदानावर नव्हता. कुठलाही ऑफेन्स (आक्रमणाची फळी) असता तरी काय झालं असतं?

उरलेल्या वर्षांतलं सगळ्यात ठळक उदाहरण २०१८ चं. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत, पण तुमच्या मनात तेच असणार. क्वार्टरबॅक गार्डनर मिन्शूचे कूग्ज दहा जिंकून एक हरलेले, पुलमन मिन्शूच्या मिशीने वेडं झालेलं. मी तिथे होतो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी स्नोक्वाल्मी घाट ओलांडून गेलो होतो आणि बर्फात उभा राहून सबंध सामना पाहिला. बर्फामुळे कूग्ज हरले असं पुलमनमध्ये अजून सांगतात. मी जे पाहिलं ते वेगळं होतं.

लीचच्या एअर रेड या पासिंगच्या पद्धतीत प्लेबुक (ठरवलेल्या चालींचा संच) मुद्दाम छोटं ठेवलेलं असायचं. तेच मोजके पॅटर्न रोज घोटायचे, क्वार्टरबॅकसमोरच्या लाइनमनमध्ये रुंद अंतर, पास झेलणारे चार रिसीव्हर पसरलेले, बॉल भराभर जवळ टाकायचा, सामन्यात पन्नास पन्नास पास. यावर हस्कीजचा तेव्हाचा प्रशिक्षक क्रिस पीटरसन आणि त्याचा डिफेन्सचा प्रशिक्षक जिमी लेक यांनी साधा उपाय केला. क्वार्टरबॅकच्या अंगावर फक्त तिघं सोडायचे आणि आठ जण मागे पसरवायचे. मिन्शूला वेळ भरपूर मिळायचा. तो बघत राहायचा, बघत राहायचा, पण फेकायला जागाच नसायची. शेवटी बाजूच्या रनिंगबॅकला (एरवी बॉल घेऊन पळणाऱ्याला) चार यार्डांचा पास, आणि बॉल हातात पडताच दोघं अंगावर. त्या दिवशी त्याने पास पूर्ण केले पुष्कळ, यार्ड मात्र जेमतेम दीडशे. आठ जण मागे गेल्यावर पुढे मोकळं रान असतं, तिथून बॉल घेऊन पळणं हा त्यावरचा उतारा. लीचला पळायचं नव्हतंच. तिकडे हस्कीजचा माइल्स गॅस्किन त्याच बर्फात १७० यार्ड पळाला आणि सामना २८-१५ असा गेला.

म्हणजे जी हरली ती पासिंगची एक ठरावीक पद्धत, जिच्यावर आठ माणसं मागे ठेवण्याचा तोडगा सापडला होता आणि जिने सात वर्षांत स्वतःला बदललं नाही. लीच हा फार मोठा माणूस होता. गेल्या डिसेंबरमध्ये तो गेला तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. अमेरिकन फुटबॉल आज जो दिसतो त्यात त्याचा वाटा किती आहे ते मला माहीत आहे. पण त्याच्या हट्टाचं बिल पेनिक्सच्या नावावर का फाडता?

आता पेनिक्सचा ऑफेन्स बघा. मुख्य प्रशिक्षक कॅलेन डीबोर आणि ऑफेन्सचा प्रशिक्षक रायन ग्रब ही जोडी दक्षिण डकोटातल्या सू फॉल्सपासून एकत्र आहे. बॉल सुटायच्या आधी यांची तीन माणसं जागा बदलतात, टाइट एंड (लाइनच्या कडेचा खेळाडू) इकडचा तिकडे जातो, आणि समोरच्या डिफेन्सला कोण कुणाला धरणार हे शेवटच्या क्षणी ठरवावं लागतं. पास जवळचे आहेत तसे चाळीस यार्डांचेही आहेत. मागे आठ ठेवलेत तर रिसीव्हर रोम ओडुन्झे तरीही वर उडी मारून बॉल काढतो, आणि पुढे डिलन जॉन्सन पळतो. यूएससीविरुद्ध हाच जॉन्सन २५६ यार्ड पळाला. तो मिसिसिपी स्टेटहून आला आहे, म्हणजे लीचच्याच हाताखालून. ज्या रनिंगबॅकला लीचने मुख्यतः पास झेलायला लावलं, त्याच्या हातात ग्रबने बॉल दिला आणि हस्कीजनी ५२ गुण केले. तुमच्या सिद्धान्ताला याहून सरळ उत्तर मला देता येणार नाही.

आणि पासवर ॲपल कप जिंकता येत नाही हे एका कूगने म्हणावं? १९९२ चा ॲपल कप, तुमचा 'स्नो बोल', विसरलात? ड्र्यू ब्लेडसोने भर बर्फात हस्कीजना, आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्यांना, ४२-२३ असं लोळवलं. फिलिप बोबो त्याचा पास झेलून बर्फाच्या ढिगात घुसला, तो फोटो पुलमनमधल्या भिंतींवर असतो. १९९७ ला रायन लीफने सिएटलमध्ये येऊन ४१-३५ ने सामना काढला आणि कूग्ज ६७ वर्षांनी रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्याला गेले. दोन्ही क्वार्टरबॅक, दोन्ही वेळा हवेतून. तुमच्या कॉलेजच्या इतिहासातली सगळ्यात लाडकी दोन पानं हीच आहेत, आणि ती मी तुम्हाला वाचून दाखवावीत?

इतकं लांब कशाला, गेल्याच वर्षी पुलमनमध्ये, तुमच्याच मैदानात, कडाक्याच्या थंडीत पेनिक्सने ४८५ यार्ड फेकले. हस्कीज ५१-३३ ने जिंकले. हातच्या काकणाला आरसा कशाला?

पेनिक्स उतरला आहे या मुद्द्यात तथ्य आहे, ते मोकळेपणाने मान्य करतो. ॲरिझोना स्टेटविरुद्ध ऑफेन्सला एकही टचडाउन करता आलं नाही, मिशेल पॉवेलने त्यांचा पास मध्येच पकडून ८९ यार्ड परत नेला म्हणून १५-७ असे सुटलो. गेल्या शनिवारी कोर्व्हॅलिसच्या पावसात ओरेगॉन स्टेटविरुद्ध पेनिक्सचे १६२ यार्ड झाले, निम्म्याहून जास्त पास खाली पडले. सप्टेंबरातल्या मिशिगन स्टेटविरुद्धच्या ४७३ शी तुलना केली तर फरक डोळ्यांत भरतो. रिसीव्हर जेलन मॅकमिलन गुडघ्यामुळे बरेच सामने बाहेर होता, हे त्याचं एक कारण. पण त्याच कोर्व्हॅलिसमध्ये, २२-२० अशी आघाडी असताना, घड्याळ संपवायचं होतं आणि सगळं जग आता बॉल घेऊन पळणार म्हणत होतं, तेव्हा पेनिक्सने ओडुन्झेकडे पासच टाकला आणि सामना तिथेच संपला. उतरलेल्या माणसावर कोणता प्रशिक्षक तेव्हा असा विश्वास टाकेल?

ओरेगॉनच्या सामन्याचं तर बोलूच नका. मी उत्तरेच्या वरच्या डेकवर होतो. चार गुणांनी मागे, डिफेन्सने ओरेगॉनला चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, अडवून बॉल परत मिळवलेला. पहिला पास जॅलिन पोककडे, ३५ यार्ड. दुसरा ओडुन्झेकडे, कोपऱ्यात, त्याच्या अंगाला ओरेगॉनचा कॉर्नरबॅक (पास अडवणारा बचावपटू) चिकटलेला असताना अशा जागी टाकलेला की तो एकटाच पोचेल. दोन पास, ५३ यार्ड, ३६-३३. हाडवैऱ्यासमोर हवेतून सामना कसा जिंकतात हे गेल्याच महिन्यात सगळ्या देशाने पाहिलं, आणि तुम्ही मला २०१३ सांगता.

वॉर्ड आणि आमच्या मागच्या फळीबद्दल फार लिहीत नाही. वॉर्ड चांगला आहे. आम्ही गुण देतो हेही सगळ्यांना माहीत आहे. तरी अकरापैकी अकरा जिंकलो आहोत.

पॅक-१२ चं म्हणाल तर पहिली वीट २०२२ मध्ये यूएससी आणि यूसीएलएने काढली. बिग टेन या दुसऱ्या साखळीत जायचा निर्णय विद्यापीठाच्या अध्यक्षांनी घेतला, मी घेतला नाही, पेनिक्सनेही घेतला नाही. वॉशिंग्टन स्टेटवर अन्याय झाला असं मलाही वाटतं, आणि तसं मी ऑगस्टमध्येच लिहिलं होतं. तुम्ही ते वाचलं नसेल, कारण तुम्ही चिडायला येता, वाचायला नाही. हे शेवटचं वाक्य कडक झालं, पण ते तसंच ठेवतो.

शनिवारी खरं कोडं कुठे आहे ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी निदान नेमका वाद घालता येईल. पेनिक्स डावखुरा आहे. त्यामुळे पास टाकताना त्याची पाठ उजव्या बाजूला येते आणि त्याला न दिसणारी बाजू सांभाळायची जबाबदारी उजव्या टॅकलवर, रॉजर रोझनगार्टनवर असते. तुमच्याकडे ब्रेनन जॅक्सन आणि रॉन स्टोन ज्युनियर हे कडेने घुसणारे दोघे अनुभवी आहेत. तुमचा प्रशिक्षक जेक डिकर्ट त्यांना आलटून पालटून त्याच बाजूला लावणार असं मला वाटतं. या हंगामात पेनिक्सला फार कमी वेळा खाली पाडता आलं आहे. पण दोनदा जरी त्याच्या पाठीवर माणूस आला तरी तो खोल पास टाकायला कचरेल आणि मग सामना तुम्हाला हवा तसा जवळच्या यार्डांचा होईल. कूग्ज पाच जिंकून सहा हरलेत, हंगामाअखेरच्या बोल सामन्याला पात्र ठरायला त्यांना सहावा विजय हवाच आहे, आणि कोलोरॅडोला ५६-१४ ने हरवून ते येताहेत. सामना सोपा नाही, मी कधी सोपा म्हटलाही नव्हता. हस्कीज जिंकतील एवढंच म्हटलं होतं, आणि ते आजही म्हणतो.

तुमची दुसरी प्रतिक्रिया मी प्रसिद्ध केलेली नाही. तिच्यात फुटबॉलवर एक ओळ आणि इथल्या दुसऱ्या एका वाचकाच्या इंग्रजीवर चार ओळी आहेत. त्या चार ओळी काढून पाठवलीत तर उरलेली एक ओळ छापतो.