फराळ वाटण्याआधी विचारा
‘पाडव्याला मुलांच्या हातून फराळ वाटा, सेवेची गोडी लागते’ हा दिवाळीतला सल्ला अर्धाच खरा. त्या दिवशी वृद्धाश्रमात डब्यांचा ढीग पडतो. दात नसलेल्यांना चकली चावत नाही, मधुमेह असलेल्यांना लाडू चालत नाही. काय हवं ते आधी आपल्या मुलालाच आश्रमात फोन करून विचारू द्या. चिवडा पूर्ण गार झाल्यावरच भरा, गरम भरला की वाफ धरून सादळतो.

खरी गरज तुळशीच्या लग्नानंतर. बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-अथणीकडे उसाचं गाळप सुरू झालं की ऊसतोडीच्या खोपटांत लहान पोरं थंडीत कुडकुडतात. आखूड झालेले स्वेटर मुलांनीच धुवावेत, बटणं लावावीत, वयाची चिठ्ठी टाचावी. नाहीतर ५ वर्षांच्या पोराला १२ वर्षांच्याचा स्वेटर जातो. आणि फोटो? मोबाईल घरीच ठेवा की!