हॉटेलचे पैसे वाचतात, पण...

आर.व्ही. (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली फिरती गाडी) घेतल्याने हॉटेलचा खर्च वाचतो, हे आर.व्ही.वरील लेखातील विधान मला अर्धेच खरे वाटते. मिशिगनमध्ये असताना आम्ही २५ फुटी जुनी आर.व्ही. चार वर्षे बाळगली आणि त्या काळात तिच्यात जेमतेम ४१ रात्री झोपलो. वसाहतीच्या नियमांमुळे ती दारात उभी करता येत नसे, त्यामुळे वापर असो वा नसो, जागेचे भाडे दरमहा चालूच राही. शिवाय हिवाळ्यापूर्वी टाकी आणि नळ्यांतले पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरावे लागते, कारण आत राहिलेले पाणी गोठून फुगते आणि नळ्या तडकतात. एका वर्षी बाहेरच्या शॉवरची नळी रिकामी करायची राहून गेली. एप्रिलमध्ये पलंगाखालचे प्लायवूड भिजक्या पुठ्ठ्यासारखे हाताला लागले, तेव्हा ते कळले. दूरच्या मोंटाना राज्यातील ग्लेशिअर नॅशनल पार्कमध्ये गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब वाहनांना मनाई असल्याने, गॅलनला नऊ मैल देणारी ही गाडी इतक्या दूर नेऊन शेवटी आम्ही बसनेच वर गेलो.

सासूबाई आल्या होत्या तेव्हा मात्र वाटेत स्वच्छतागृह शोधण्याची धावपळ वाचली आणि तव्यावरचे गरम थालीपीठही मिळाले, हे नाकारता येणार नाही. (सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याचे काम अर्थातच माझ्याकडे असे.) निवृत्तीनंतर सहा-सहा महिने फिरणाऱ्यांचे गणित वेगळे असेल, वर्षाला दहा रात्रींसाठी मी आता ती भाड्यानेच घेतो.