व्यसनाचे ‘केंद्र’ सापडल्याच्या दाव्याबाबत खुलासा

‘शास्त्रज्ञांना मेंदूतील व्यसनाचे केंद्र सापडले असून चुंबकीय झटका देऊन ते बंद करता येते’ असा मजकूर सध्या समाजमाध्यमांवर फिरत आहे. तो मूळ संशोधनाशी जुळत नाही.

बोस्टनमधील मेंदूविकारतज्ज्ञ मायकेल फॉक्स आणि फिनलंडचे युहो योउत्सा यांच्या गटाने २०२२ साली ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, मेंदूला इजा झाली त्या वेळी धूम्रपान करणारे १२९ रुग्ण होते आणि त्यांपैकी ३४ जणांचे व्यसन इजेनंतर लगेच सुटले होते. त्यांच्या इजा मेंदूच्या निरनिराळ्या भागांत होत्या. निरोगी व्यक्तींच्या एमआरआयवरून तयार केलेल्या, मेंदूच्या भागांमधील जोडण्यांच्या नकाशाशी त्या ताडून पाहिल्यावर मात्र त्या परस्परांशी जोडलेल्या भागांच्या एकाच जाळ्याशी निगडित असल्याचे दिसले. मेंदूच्या कडेच्या खोल खाचेत दडलेला इन्सुला हा भागही या जाळ्यात येतो. शोध आहे तो या जाळ्याचा, आणि तो खरोखरच मोलाचा आहे.

या अभ्यासात कोणावरही चुंबकीय उपचार केलेले नव्हते. धूम्रपान सोडण्यासाठीच्या अशा एका उपकरणाला अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २०२० मध्येच परवानगी दिली होती, परंतु ती प्रौढांना अल्पकालीन साहाय्य म्हणून. शिवाय तो उपचार काही आठवडे चालतो, एका झटक्यात आटोपत नाही.