प्रोसेसरतज्ज्ञ व्हा, घरबसल्या!

कोल्हापुरात तज्ज्ञांची टंचाई कधीच नव्हती. खरा कट कुठल्या मिसळीचा, खासबागेत कुणाची कुस्ती निकाली होणार, राधानगरीचे दरवाजे किती वाजता उघडणार, हे छातीठोकपणे सांगणारा माणूस बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत कुठंही उभा सापडतो. ती सगळी खाती आता भरली. पण अलीकडं एक नवीन खातं उघडलंय आणि तिथं जागाच जागा आहेत. अजून बाजारात न आलेल्या लॅपटॉपचा तज्ज्ञ! भांडवल शून्य, परीक्षा नाही, चूक निघाली तर विचारायला कोणी येत नाही. होतकरूंनी पुढचं मन लावून वाचावं.

सुरुवात स्वतःपासून करा. तुमचा लॅपटॉप जुनाच असला पाहिजे. स्क्रीनच्या बिजागरीला चिकटपट्टी असेल तर उत्तम, बॅटरी गेलेली असेल तर सोन्याहून पिवळं. कोणी विचारलं तर हसायचं आणि म्हणायचं, "मी मुद्दाम थांबलोय." स्वतः एकदा का काही विकत घेतलं की लोक तुमचं म्हणणं आणि तुमची वस्तू शेजारी शेजारी ठेवून बघायला लागतात. ते धंद्याला मारक.

मग तळी पाठ करा, म्हणजे इंटेल कंपनी आपल्या प्रोसेसरच्या पिढ्यांना देते ती नावं. स्कायलेक, कॅबी लेक, कॅनन लेक, आइस लेक, टायगर लेक, अल्डर लेक, रॅप्टर लेक, मीटिअर लेक, लूनर लेक, ॲरो लेक, पँथर लेक. रंकाळा, कळंबा आणि कोटीतीर्थ एवढ्या पाण्यावर वाढलेल्या माणसासमोर हे एका दमात म्हणून दाखवा. तिसऱ्या तळ्यालाच तो गार पडतो. "तुझ्या कामाला यातलं नक्की काय लागतं?" हा प्रश्न त्याला सुचण्याआधी दहाव्यापर्यंत पोचायचं.

यात एक बारीक कलाकुसर आहे. "नवीन येतंय" आणि "नवीन नावाचं येतंय" यातला फरक गिऱ्हाइकाला कळू द्यायचा नाही. इंटेलच्या कोअर 7 240एचच्या आत रॅप्टर लेकच आहे, म्हणजे 2023 ची पिढी. इंटेलची स्पर्धक एएमडीनं 2025 च्या जानेवारीत रायझन 200 मालिका दाखवली, त्यातही 2023 च्या डिसेंबरात जाहीर केलेली चिपच नवं लेबल लावून बसलीय. बिचाऱ्यानं वर्षभर थांबून आणलं काय, तर गेल्या वर्षी दुकानात समोर ठेवलं होतं तेच. पण खोक्यावरचा आकडा नवा असल्यामुळं तो तुम्हालाच पेढे देतो. घ्यावेत.

इतिहास कोणी काढलाच तर घाबरू नका. इंटेलची 10 नॅनोमीटरची चिप (आकडा जितका लहान, तितके आतले ट्रान्झिस्टर दाट) 2016 मध्ये येणार होती. त्या भरवशावर किती जणांनी जुनी खटारी रेटली असतील! आली ती 2018 मध्ये, तीही दोन कोअरची एक आय3, आतलं ग्राफिक्स बंद करून. रग्गड प्रमाणात मिळेल असं काही बाहेर पडायला 2019 उजाडलं. कारण साधं होतं. एकाच उडीत ट्रान्झिस्टर फार दाटीनं बसवायची हाव धरली आणि सिलिकॉनच्या एका चकतीतून धड चिपा पुरेशा निघेनात. पुढं 2020 च्या जुलैमध्ये 7 नॅनोमीटरलाही उशीर होणार म्हणून जाहीर झालं. मग 2021 च्या जुलैमध्ये कंपनीनं नावंच बदलली. जे 7 म्हणून ठरलं होतं त्याला 'इंटेल 4' म्हणायचं. गाडी वेळेत पोचत नसली की ड्रायव्हरनं उतरून पुढची पाटी बदलायची, तसलाच प्रकार. त्या 4 वर बनलेला मीटिअर लेक 2023 च्या डिसेंबरात आला. तज्ज्ञानं या सगळ्यातून एकच धडा घ्यायचा. ज्यांच्या कारखान्यात चिप भाजतात त्यांनाच तारीख सांगता येत नाही, म्हणजे तुम्हाला सांगायला मोकळं रान.

तारीख विचारली तर महिना सांगा, महिना विचारला तर "दिवाळीच्या आसपास" म्हणा, आणि कुठल्या वर्षीची दिवाळी ते बोलू नका.

"जाहीर झालं" आणि "मिळायला लागलं" हे एकच आहे असं समजून बोलत राहा. क्वालकॉमनं स्नॅपड्रॅगन एक्स एलिट ही लॅपटॉपची चिप 2023 च्या ऑक्टोबरात जाहीर केली. लॅपटॉप विक्रीला आले 18 जून 2024 ला. मधल्या सगळ्या महिन्यांत तज्ज्ञाची चैन होती. सभागृहात पडद्यावर आलेख, आणि दुकानात काही नाही! याहून चांगला हंगाम नाही. त्यात आधी अमेरिका, मग दिल्ली-मुंबई, मग पुणे, आणि कोल्हापूरच्या दुकानदारानं नुसतं "मागवून देतो" म्हणायचं, एवढा प्रवास धरला तर तुमचा एकेक अंदाज वर्षभर ताजा राहतो.

ॲपलवाले गिऱ्हाईक असेल तर मात्र सांभाळून. तिथं तुमच्याकडं एक हुकमी पत्ता आहे तो खेळा. 2020 च्या जूनमध्ये कंपनीनं स्वतः सांगितलं की आता आमचीच चिप वापरणार, आणि नोव्हेंबरात एम1 आली. मधल्या काळात इंटेलवाला मॅकबुक घेणारे खरोखरच हळहळले. ही एक वेळ अशी होती की थांबण्यात शहाणपण होतं, हे मीही मान्य करतो. पण ते कंपनीनं व्यासपीठावरून सांगितलं होतं. कुणा तालमीच्या ग्रुपवरच्या विद्वानानं नव्हे. तेव्हा एम1 चं नाव रोज घ्या आणि 2016 चं नाव चुकूनही काढू नका. त्या साली मॅकबुक प्रोमध्ये 16 जीबीच्या वर रॅम नाही म्हणून "पुढच्या वेळी 32 येणार, थांबा" असा जप सुरू झाला होता. 32 जीबीवाला आला 2018 च्या जुलैमध्ये. तोवर थांबलेल्यांची कामं कुणी केली, कुणास ठाऊक.

कोल्हापूर या धंद्याला मानवतं त्याला कारण आहे. आम्हाला वाट बघायची सवय आहे. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचं पाणी 2023 च्या दिवाळीत आलं, हायकोर्टाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 ला बसलं, हद्दवाढ अजून होतेच आहे. अशा गावात "थोडं थांबा की" म्हटलं तर कोणाला काही वावगं वाटत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तोंड कधी उघडायचं? आधी नाही. माणूस विचार करत असतो, पैसे जमवत असतो, तेव्हा गप्प बसा. तो दुकानात पोचू दे. दुकानदार खोकं फोडायला कात्री हातात घेऊ दे. मग फोन करा.

आमच्या तालमीतल्या एका तज्ज्ञानं हे इतकं अचूक साधलं की नमुना म्हणून सांगतो. माझ्या भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. दाजींची शेती कागलकडं. त्यांनी उसाच्या बिलातले पैसे पोरीच्या लॅपटॉपसाठी म्हणून बाजूला ठेवलेले. गणपतीच्या आधी आम्ही तिघं राजारामपुरीतल्या एका दुकानात गेलो, 16 जीबी रॅमचा एक साधा, चांगला लॅपटॉप ठरवला. पोरगी त्याच्या किबोर्डवरनं नुसता हात फिरवत होती. आणि दाजींना त्या तज्ज्ञाचा फोन आला. "काका, घेऊ नका हं! काय करालायसा? लाल किल्ल्यावरनं सांगितलंय की, जीएसटी कमी होणाराय. दिवाळीपर्यंत थांबा, मी सांगालोय न्हवं." दाजी बिचारे शेतकरी माणूस. दोन पैसे वाचतील म्हटल्यावर उठले. दुकानदारानं कात्री खाली ठेवली.

घटस्थापनेला, 22 सप्टेंबर 2025 ला, नवे दर लागू झाले. मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले, एसी 18 वर आला. लॅपटॉप? तो आधीपासूनच 18 वर होता, तिथंच राहिला. आता हे ऑगस्टमध्येही माहीत होण्यासारखं होतं. कुठलंही जुनं बिल उघडून बघायचं! पण तज्ज्ञ बिल बघत नाही, तज्ज्ञ हवा बघतो.

मग म्हणाला, दिवाळीचा सेल बघू. दिवाळी आली तर म्हणाला, "काका, आता घेतला तर पस्तावाल. पँथर लेकचं सगळं बाहेर आलंय, इंटेलच्या नव्या 18ए तंत्रावर बनवलंय, जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात येणाराय. ते आलं की जुने धडाधड उतरतील." धडाधड! दाजींनी मला विचारलं, "पाव्हणं, हे लास व्हेगास आपल्याला लागतंय काय?" मी काय बोलणार. पोरगी आपली गप्प.

पँथर लेक जानेवारीत आलं हो. लास व्हेगासला आलं. पण तेवढ्यात दुसरंच काहीतरी येऊन बसलं होतं, जे आमच्या तज्ज्ञाच्या कुठल्याच लीकमध्ये नव्हतं. रॅम महागली. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून त्यांनी आपलं उत्पादन तिकडं वळवलं. मायक्रॉननं तर डिसेंबरात सांगूनच टाकलं की घरगुती गिऱ्हाइकासाठीचा क्रुशल हा ब्रँड आम्ही बंद करतोय. साध्या लॅपटॉपला लागणारी मेमरी त्यामुळं तुटपुंजी झाली, आणि नवं आल्यावर जुनं उतरायच्या ऐवजी जुनंच वर चढलं. आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. ऑगस्टात ठरवलेल्या पैशात आता 8 जीबीवाला बसतो. 16 वाला पाहिजे असेल तर वरचे पैसे टाका. दुकानदार भला माणूस, काही बोलला नाही. नुसतं दाजींच्या तोंडाकडं बघितलं.

आणि यावर तज्ज्ञाचं म्हणणं ऐका. आज सकाळचा मेसेज आहे. "काका, रॅमचे भाव आता टॉपला आहेत. आत्ता अजिबात घेऊ नका. थांबा."

थांबा?

अरे लेका, कोण थांबलंय इथं? तू थांबलायस? तुझ्या त्या चिकटपट्टीवाल्या डबड्यावर तुझं सगळं चाललंय. बापाच्या दुकानाचं बिलिंग आणि रात्री ग्रुपवर लिंका टाकणं, याला काय लागतंय? थांबली ती पोरगी. अख्खं पहिलं सेमिस्टर तिनं प्रोग्रॅम फोनवर टाइप केले. फोनवर! कंस शोधायला एक बोट आणि उघडा राहिलेला कंस सापडायला अर्धा तास. कॉलेजची लॅब संध्याकाळी बंद होते आणि तिची शेवटची एसटी त्याच सुमाराला असते. मैत्रिणीचा लॅपटॉप मागून असाइनमेंट केली, तर मैत्रिणीच्या आईनं दुसऱ्यांदा जरा तोंड वाकडं केलं, तेव्हापासून मागत नाही. हे तिनं मला सांगितलेलं नाही, ताईनं सांगितलं. प्रॅक्टिकलला परीक्षकानं विचारलं, हे घरी चालवून बघितलंस का? काय सांगणार ती? पँथर लेक यायचंय म्हणून?

पहिल्या वर्षाच्या पोरीला काय चालवायचं असतं रे? सी, पायथन, थोडं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, पीपीटी, चार ब्राउझर टॅब. त्याला तुझं 18ए लागत नाही. चार वर्षांपूर्वीचा प्रोसेसर पुरतो, 16 जीबी रॅम आणि एसएसडी असली की झालं. हे तुला माहीत होतं. तुला सगळं माहीत असतं, म्हणून तर राग येतो. पण "घ्या, हे पुरेल" म्हटलं की विषय संपतो, आणि विषय संपला की तुझ्याकडं कोण बघणार? तुला तिच्या लॅपटॉपशी काही देणंघेणंच नव्हतं. तुला फोन करायचा होता.

आणि कोणी सांगितलं म्हणून ऐकायचं नसतं असं मला शिकवू नका कोणी. दाजींना जीएसटी आणि नॅनोमीटर कळत नाही हा त्यांचा गुन्हा नाही. ज्याला कळतं त्यानं खरं सांगायचं असतं, निदान गप्प बसायचं असतं. ऊस कधी तोडायचा हे तुला दाजींनी कधी सांगितलं का? फड तोडून गाडी भरायच्या वेळी शेतात येऊन "थांबा, पुढच्या हंगामात भाव चढणाराय" म्हटलास तर कोयता घेऊन मागं लागतील.

शनिवारी आम्ही जातोय. दाजींनी पैसे वाढवायची तयारी ठेवलीय, कमी पडतील ते मी घालतोय, आणि पोरगी जो म्हणेल तो घेतोय, रायझन असू दे, रॅप्टर असू दे, नाहीतर आणखी कुठलं तळं असू दे. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय. दाजींच्या फोनवरही करणार आहे, कसा करायचा ते भाचीला विचारून.