सोफा द्यायचा का?

“तीन हजार. त्याच्या वर एक रुपया नाही.”

नाशिकला मुंबई नाक्याच्या सिग्नलला, भर दुपारी, ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या हौद्यात, माझ्याच सोफ्यावर बसलेलो असताना हे वाक्य माझ्या कानावर पडलं. बोलणारा ॲक्टिव्हावर होता. पायाशी कोथिंबिरीची पिशवी, हेल्मेट कोपरात अडकवलेलं.

“विकायचा नाहीये,” मी म्हणालो.

“मग चाललाय कुठं घेऊन?”

“नाटकाला.”

त्याने आधी सोफ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “बसायला खुर्च्या नसतात का तिथं आता?”

आमची हौशी नाट्यसंस्था आहे. ध्येय लेटरहेडवर छापलंय : ‘रंगभूमीची निःस्वार्थ सेवा व नवोदितांस व्यासपीठ’. यातला निःस्वार्थ हा शब्द नेपथ्याला लागू होतो. म्हणजे दिवाणखान्याचा सेट असला की कुणाचा तरी खरा दिवाणखाना रिकामा होतो. यंदा माझा. बायकोने सोफा जाताना पाहिला आणि एवढंच म्हणाली, “पुढच्या नाटकात स्वयंपाकघर घेऊ नका.”

सिग्नल सुटला. मला वाटलं संपलं. शालिमारच्या अलीकडे ॲक्टिव्हा पुन्हा बाजूला.

“ढेकूण?”

“नाहीत हो.”

“आतलं लाकूड सागवानी का प्लायवूड?”

“अहो, विकायचा नाहीये!”

“भाऊ, चिडू नका. माल चांगला असला की माणूस चिडत नाही.” मग टेम्पोवाल्याकडे वळून, “काय हो, खरंच नाटकाला चाललंय का?” टेम्पोवाला म्हणाला, “मला काय माहीत, मला आठशे सांगितलेत.” (सातशे ठरले होते.) “बत्तीसशे,” ॲक्टिव्हा म्हणाली. “घरपोच तुम्ही करायचा.”

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत नाटक केलं तेव्हा त्यांच्यामागे सांगलीचे अधिपती उभे होते. आमच्यामागे ॲक्टिव्हा.

बारा वर्षांपूर्वी आम्ही सात जण होतो. एका मित्राच्या गच्चीवर तालीम व्हायची आणि खालच्या काकू पाण्याची टाकी भरली की पहिला अंक थांबवायच्या. तेव्हा सातही जण सोफा उचलायचे. आज व्हॉट्सॲप ग्रुपवर चौसष्ट आहेत. नवी मुलं उत्साही आहेत, गुणी आहेत आणि प्रत्येकाला मुख्य भूमिका हवी आहे. ‘सेट हलवायला दुपारी एकला या’ असं टाकलं की बत्तीस निळ्या खुणा, अकरा हात जोडलेले, आणि एकाचं ‘ऑल द बेस्ट सर’. येतात तिघं. त्यातल्या एकाची कंबर धरलेली असते.

दादासाहेब फाळके इथले, त्र्यंबकेश्वरचे. १९१३ च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटात, ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये, तारामती करायला बाई मिळेना, तेव्हा त्यांनी उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवून उभं केलं. आमच्याकडे तारामती व्हायला चौघी भांडतात. अडतं ते साळुंक्यांच्या मूळ नोकरीपाशी. चहा आणायला कुणी नसतं.

परशुराम साईखेडकर नाट्यगृहाशी सोफा उतरवताना चौथा हात त्या माणसाने लावला. खरं सांगतो, मला भरून आलं. वजनाचा अंदाज घेत होता, हे नंतर कळलं. मी कृतज्ञतेने एक प्रवेशिका दिली. “फुकट? मग बघतो,” म्हणाला आणि कोथिंबिरीसकट तिसऱ्या रांगेत बसला.

तिकीट लावायचं की नाही यावर आमच्याकडे दर वर्षी भांडण होतं. लावलं तर लोक येत नाहीत. नाही लावलं तरी येत नाहीत, पण निदान पैसे परत द्यावे लागत नाहीत. शिरवाडकरांचं आणि कानेटकरांचं गाव म्हणून आपण छाती काढायची, राज्य नाट्य स्पर्धा इतकी वर्षं चालू आहे म्हणून अभिमान बाळगायचा, आणि प्रयोगाला रांगांमध्ये नटांच्या मावश्या मोजायच्या. भाडं आपण भरायचं, दिवेवाल्याला आपण द्यायचं, वर ‘तुमचा छंद आहे ना, मग काय’ हे ऐकायचं. छंद आहेच. क्रिकेट बघणं हाही छंदच, पण त्यासाठी कुणी स्वतःचा सोफा स्टेडियमला नेत नाही. असो.

तिसरी घंटा झाली. पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात मुलाच्या मरणाची बातमी येते आणि आई सोफ्यावर कोसळते. आमची नवी मुलगी खरोखर छान कोसळली. सभागृह चिडीचूप. आणि त्या शांततेत सोफ्याच्या पोटातून ‘कर्रर्र’ असा लांबलचक आवाज आला.

“अडीच!” तिसऱ्या रांगेतून.

मावश्या हसल्या. मी विंगेत प्रॉम्प्टिंगची वही घेऊन उभा होतो, मलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. दीड महिना ती पोरगी ऑफिस सुटल्यावर सातपूरहून तालमीला येत होती. तिने मान वर केली नाही. तशीच रडत राहिली. नंतर विंगेत आल्यावर विचारलं, “सर, अडीच म्हणजे माझ्या अभिनयाला का?”

पडदा पडल्यावर खजिनदाराने हिशेब मांडला. बावीसशे कमी. तो क्षणभर गप्प बसला, मग म्हणाला, “तो ॲक्टिव्हावाला गेला का रे?” आणि पार्किंगकडे धावला. सोफा माझा आहे, हे मला कार्यकारिणीच्या चार सभासदांना समजावून सांगावं लागलं.

प्रयोग रविवारी झाला, आज बुधवार. ग्रुपवर अभिनंदनाचे एकेचाळीस अंगठे आलेत. सोफा आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आहे, कारण दुसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं लागतात. त्या माणसाने जाताना नंबर दिलाय. अजून लावला नाही. आभाळ मात्र भरून आलंय.