प्रतिक्रियेला उत्तर : विहिरीतली अर्थ आणि दुसऱ्या मजल्यावरची अर्थ

काका, ‘फ्लॅटमध्ये शॉर्टवेव्ह ऐकायची तर अर्थिंगच्या मागे लागू नका, आधी घरातली खरखर शोधा’ हे माझं वाक्य तुम्हाला चांगलंच झोंबलेलं दिसतंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : फोंड्याच्या घरी वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्याची अर्थची, म्हणजे जमिनीशी जोडणारी, वायर विहिरीत सोडलेली होती, ती काढली की रेडिओ सिलोन घोगरं व्हायचं आणि लावली की खणखणीत. तेव्हा अर्थिंगला नावं ठेवणारे माझ्यासारखे लोक नवशिक्यांची दिशाभूल करतात. वर, उद्या कुणाच्या एरिअलवर वीज पडली तर जबाबदार कोण, हाही सवाल आहेच.

विहिरीबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी पटतं. त्या रेडिओच्या पाठीमागे दोन भोकं असायची, एक एरिअलचं आणि एक अर्थचं. आतल्या कॉइलचं एक टोक एरिअलला, दुसरं अर्थला. माडाला बांधलेल्या वायरीतून आलेला करंट कॉइलमधून जाऊन जमिनीत उतरला तरच रेडिओच्या पदरात काही पडणार. अर्थ काढली की ती वाट बंद, मग तो मेनच्या वायरीतून कसाबसा रस्ता शोधतो. शिवाय रेडिओ तळमजल्यावर, विहीर खिडकीला लागून, जमीन बारा महिने ओली. याहून चांगली अर्थ गोव्यात मिळायची नाही. नुसत्या जांभ्यात सळई ठोकून बघा. पहार चालवल्याशिवाय आत जात नाही, आणि गेली तरी मे महिन्यात तो चिरा इतका कोरडाठाक असतो की सळई नावापुरतीच. उगाच नाही लोक अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात वर पाणी ओतत.

पण मी लिहिलं होतं ते मडगाव-म्हापशाच्या फ्लॅटमध्ये टेकसनसारखा हातातला रेडिओ घेऊन बसलेल्या माणसासाठी. त्याने दुसऱ्या मजल्यावरून खाली कंपाउंडमध्ये वायर सोडली आणि सळईला बांधली, तर वायर सहज सहा-साडेसहा मीटर भरते. शॉर्टवेव्हला अशी वायर म्हणजे नुसता जोड नसतो. दर मीटरला साधारण एक मायक्रोहेन्री धरा, म्हणजे १० मेगाहर्ट्झला मीटरमागे साठेक ओहमचा अडथळा. आणि १२ मेगाहर्ट्झची तरंगलांबी २५ मीटर, तिचा पाव हिस्सा सव्वासहा मीटर. वायर नेमकी तेवढी भरली की खालच्या टोकाला कितीही उत्तम अर्थ असो, वरच्या टोकाला रेडिओला ती वायर जवळजवळ तुटल्यासारखीच वाटते. म्हणजे २५ मीटर बँडवर, जिथे आपल्यातल्या जुन्या खोडांनी आयुष्यभर सिलोन लावलं, तिथेच ही अर्थ कुचकामी. मल्टिमीटरवर मात्र ती झकास दिसेल, कारण मल्टिमीटर डीसी मोजतो.

मग लोक सोपा उपाय करतात : थ्री-पिनच्या अर्थच्या भोकाला जोडून टाकतात. हा सगळ्यात वाईट. ती अर्थिंग शॉक लागू नये म्हणून आहे आणि तिथे ती हवीच, पण तिच्यावर अख्ख्या बिल्डिंगचे चार्जर, इन्व्हर्टर, एलईडी बल्ब आणि सेट-टॉप बॉक्स आपापला कचरा सोडत असतात. तुमच्या वडिलांच्या काळात घरात यातलं काही नव्हतं, असलाच तर एखादा पंखा. आज ती वायर रेडिओला लावली की काटा वर जातो आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात स्टेशनाइतकीच खरखरही वाढलेली असते. टेकसनच्या पीएल-३८०वर दोन आकडे दिसतात, एक सिग्नलच्या ताकदीचा आणि दुसरा सिग्नल खरखरीच्या किती वर आहे त्याचा. पहिल्याकडे बघायचंच नाही. दुसरा वाढला तरच वायरीचा उपयोग.

आणि आता या दुसऱ्या आकड्यालाच जास्त महत्त्व आलंय. आपल्याकडे तोंड करून जोरात वाजणारी स्टेशनं एकेक करून गेली. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला थांबली. उरलेल्यांपैकी बरंच काही दुसऱ्याच कुणासाठी सोडलेलं असतं, आपण ते कडेने ऐकतो. खरखर थोडी जरी वाढली तरी ते बुडतं.

खरखर शोधायची रीत मी आधीही लिहिली होती, पण तुम्ही ती बहुधा गाळून वाचली. रेडिओ बॅटरीवर, एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर लावा आणि मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर सगळी परीक्षा फुकट. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा. आमच्याकडे स्वयंपाकघराचा एमसीबी वर केला की ३१ मीटरवर दाताच्या डॉक्टरच्या मशीनसारखा आवाज सुरू व्हायचा. कारण निघालं ओट्यावरच्या एलईडी पट्टीचा अॅडॉप्टर. तो बदलल्यावर जे ऐकू यायला लागलं ते कुठल्याही सळईने दिलं नसतं. (चवथीच्या दिवसांत मात्र हात टेकायचे. गणपतीच्या वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीभोवती प्रत्येक घरात चमचमणाऱ्या माळा, कुणाकुणाच्या बंद करणार?)

विजेचं बोलायचं तर तुमची काळजी रास्त आहे, पण उपाय अपुरा. सळई वायरीवर साठणारा स्टॅटिक चार्ज उतरवते, दूर कुठे वीज चमकली तर झटका थोडा पचवते. थेट पडलेली वीज तिला जुमानत नाही. मेच्या अखेरीस आणि ऑक्टोबरात ढग गडगडायला लागले की वायर खिडकीच्या बाहेरच सोडवून ठेवायची, घरात आणून नुसती रेडिओपासून काढायची नाही. वेगळी सळई ठोकलीच असेल तर ती बाहेरच्या बाहेर जाड तांब्याच्या वायरीने घराच्या मुख्य अर्थिंगला चांगल्या वायरमनकडून जोडून घ्या. दोन वेगळ्या अर्थ ठेवल्या की वीज चमकल्यावर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक रेडिओमधून वाट काढतो.

तुमच्या घराला आवार आहे, माड आहेत, तर मी काय करेन तेही सांगतो. वायर घरापासून दूरच्या दोन माडांमध्ये, जरा सैल, एका टोकाला कप्पी आणि वजन, कारण वाऱ्याला माड झुलला की ताठ बांधलेली वायर तुटते आणि मग नारळ काढणाऱ्या पाडेल्याच्या मागे धावावं लागतं. तिच्या जवळच्या टोकाला नऊला एक असा, वायर आणि केबलचा मेळ घालणारा ट्रान्सफॉर्मर, दोन्ही वाइंडिंग वेगळी असलेला. अर्थ तिथे, आवारात, सळईला आणि जमिनीवर पसरलेल्या चार-पाच वायरींना. रेडिओपर्यंत कोअॅक्स केबल (टीव्हीच्या डिशला असते तशी, बाहेरून जाळी असलेली), आणि घरात शिरण्याआधी तिचे काही वेढे फेराइट रिंगमधून, म्हणजे केबलच्या बाहेरच्या जाळीवरून घरातली खरखर वायरीकडे जाणार नाही. अर्थची भानगडच नको असेल तर डायपोल करा, म्हणजे मधोमध तोडून तिथे केबल जोडलेली वायर. ३१ मीटरसाठी प्रत्येक बाजूला साडेसात मीटर. टेबलावरच्या मोठ्या रेडिओला हे चालेल. हातातल्या रेडिओला एवढी लांब वायर थेट लावू नका, तो गांगरतो आणि नको तिथे नको ती स्टेशनं ऐकू येतात.

जोड उघडे ठेवू नका. समुद्राजवळच्या गावांत एका पावसाळ्यात तांबं हिरवं पडतं, फोंड्याला थोडं उशिरा. आणि टेरेसवर पावसासाठी पत्रे घातले असतील, तर वायर त्या पत्र्यांखाली बांधून उपयोग नाही. ती आवारातच जाऊ दे.