छू कोणी म्हटलं?

गावाकडच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज भाच्यानं मला पाठवला. वर 'शेतकरी बांधवांनो, जागे व्हा', खाली जोडलेले हात आणि मधे पाच मुद्दे. थोडक्यात असे: एक, बंदी आहे ती बंदुकीनं किंवा फासे लावून शिकार करायला, कुत्रा हा प्राणी आहे, त्यानं सावज धरलं तर तो निसर्ग, गुन्हा नाही. दोन, रानडुक्कर आता उपद्रवी जाहीर झालंय, ते कोणीही मारावं. तीन, कुत्रा एका झटक्यात मारतो, जनावराला वेदना होत नाहीत. चार, इंग्लंडात राजघराण्यातली माणसं आजही कुत्रे घेऊन कोल्हे मारतात, मग आपल्याच परंपरेला बंदी का? पाच, शिकार थांबली तर आपलं कारवान हे शिकारी जातीचं कुत्रं नामशेष होईल. शेवटी 'वकिलाकडून खात्री करून घेतली आहे, बिनधास्त पुढे पाठवा.'

भाचा पोलीस भरतीच्या तयारीत आहे. दारात कारवानची जोडी आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे. मेसेजखाली त्यानं लिहिलं होतं, "मामा, म्हणजे आता रात्री सशाला जायला हरकत नाही ना?" हरकत आहे बाळा, चांगलीच हरकत आहे. आणि ज्या शहाण्यानं हे लिहिलंय त्याच्यावर तर माझा रागच आहे, कारण केस पोरांवर होणार आणि हा पुढचा मेसेज लिहायला मोकळा.

पहिल्या मुद्द्यावरच जास्त वेळ घालवतो, कारण बाकीचे चार त्याच्याच जिवावर उभे आहेत.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम २ च्या सोळाव्या खंडात शिकार कशाला म्हणायचं ते सांगितलंय. जीव घेणं, विष घालणं, पकडणं, कुत्री मागे लावून सावज पळवणं, फासा टाकणं, सापळा लावणं, हाका घालून हुसकावणं, आमिष दाखवणं, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न. बंदुकीचं नाव त्या व्याख्येत नाहीच! म्हणजे ज्या कायद्याच्या आधारानं 'फक्त बंदुकीला बंदी' असं छातीठोक सांगितलं जातंय, त्यात शिकार ठरवताना हत्यार विचारलेलंच नाही, कृती विचारली आहे. कुत्री रिकाम्या तोंडानं परत आली, ससा बांध ओलांडून निसटला, तरी प्रयत्न झालाच. कलम ९ सांगतं की अनुसूची १ आणि २ मधल्या जनावरांची शिकार करायची नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, आपला माळावरचा ससा आणि रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहेत. काळवीट, चिंकारा, कोल्हा, खोकड, घोरपड ही सगळी अनुसूची १ मध्ये. अनुसूची २ ला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार दंड. आता रात्री बारा वाजता उसाच्या कडेला कुत्री सोडली, तर ती सशामागे जातील की खोकडीमागे हे कुत्री ठरवणार. शिक्षा मात्र तुझी ठरणार.

'कुत्रा स्वतःहून गेला' यात एक अर्धमुर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकतो. तुम्ही भांगलण करताय, राखणीचं कुत्रं बांधावर पडलंय, समोरून ससा उठला आणि कुत्र्यानं धरला. तुम्ही ना सोडलं, ना बोलावलं. याला कोणी शहाणा माणूस शिकार म्हणणार नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला हे दृश्य अभिप्रेत नाहीच. त्याला काय अभिप्रेत आहे ते रीलवर रोज दिसतं. बोलेरो उभी. कपाळाला बॅटऱ्या. दोन्ही कुत्र्यांच्या पट्ट्यात एकच दोरी ओवलेली. ससा बिळात राहत नाही, ढेकळात नाहीतर गवतात कान पाठीला चिकटवून दबून बसतो; उजेडात त्याचा डोळा चमकला की एक जण ढेकूळ मारून उठवतो, दुसरा दोरीचं एक टोक सोडतो आणि तिसरा 'छू' म्हणतो. चौथा शूटिंग घेतो. इतक्या माणसांनी इतकी कामं वाटून घेतल्यावर शिकार निसर्गानं केली म्हणायला तोंड कसं होतं?

आणि ते शूटिंग! आरोपीनं स्वतःच काढलेला, स्वतःच्या गाण्यावर बसवलेला, स्वतःच्या नावानं टाकलेला पुरावा. गाडी जप्त होते, आणि ती गुन्ह्यात वापरली होती हे कोर्टात ठरलं की कलम ३९ खाली ती सरकारची मालमत्ता होते, मग ती बापाच्या नावावर असो की फायनान्सवर. भरतीत निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी असते. 'वन्यजीव कायद्याखाली गुन्हा दाखल' ही ओळ तिथे कशी वाचली जाईल, हे वेगळं सांगायला नको.

काही रील शेतात गर्दी जमवून, पैजा लावून केलेल्या असतात. तिथे १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही लागतो. नुसत्या करमणुकीसाठी एक जनावर दुसऱ्याच्या अंगावर घालणं त्याच्या कलम ११ मध्ये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज दोन वडापाव येतात, त्यामुळे त्या कायद्याला कोणी घाबरत नाही हेही खरं. पण वर सांगितलेला घाबरण्यासारखा आहे.

रानडुकराचं. इथे माझा आवाज थोडा खाली येतो. भुईमूग रात्रीत उकरून टाकलेला, मका झोपवलेला, उसात शिरायची सोय नाही, हे मी पाहिलंय. शेताभोवती जुन्या साड्यांचं कुंपण आणि फटाक्यांची माळ घेऊन थंडीत माळ्यावर बसणाऱ्याला प्राणिप्रेमाचे धडे देणं मला जमणार नाही. पंचनामा आणि भरपाईसाठी मारायचे हेलपाटे, हाही वेगळा छळ आहे. पण 'उपद्रवी जाहीर' कुठे झालं? तशी घोषणा कलम ६२ खाली केंद्र सरकार करतं, ठरावीक भागापुरती आणि ठरावीक मुदतीपुरती. २०१५-१६ मध्ये बिहारात रोही (नीलगाय) आणि रानडुकरासाठी, उत्तराखंडात रानडुकरासाठी आणि हिमाचलात माकडांसाठी अशी घोषणा झाली होती, त्या बातम्यांचा हा कुठला तरी उरलेला तुकडा दिसतोय. महाराष्ट्रातली वाट वेगळी आहे. पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली परवानगी मिळू शकते, आणि रानडुक्कर व रोह्यासाठी ती देण्याचे अधिकार वनखात्याच्या अधिकाऱ्यांना दिलेले आहेत. अर्ज करायचा, परवाना घ्यायचा. परवान्यानं मारलेलं जनावरसुद्धा सरकारी मालमत्ता असतं, त्याचे वाटे घालता येत नाहीत. पिकासाठी निघालेल्या माणसाला याचं वाईट वाटायचं कारण नाही. ज्यांना वाईट वाटतं, ते पिकासाठी निघालेले नसतात.

शिवाय कुत्र्याला परवाना वाचता येत नाही. माजलेला एकुलगा आणि पिलांची डुकरीण त्याला सारखीच.

'वेदना होत नाहीत' हे वाचून मी मोबाइल बाजूला ठेवला होता. दोन कुत्री ससा दोन टोकांना धरून ओढतात तेव्हा तो तान्ह्या पोरासारखा ओरडतो. रीलवाले तिथे गाण्याचा आवाज वाढवतात, त्याचं कारण तेच. माझं नका मानू. ज्या इंग्लंडचा दाखला चौथ्या मुद्द्यात दिलाय, तिथलंच ऐका. तिथल्या सरकारनं १९९९ च्या अखेरीस लॉर्ड बर्न्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. माणूस प्राणिमित्र चळवळीतला नव्हे, अर्थखात्यात सर्वोच्च सनदी पदावर राहिलेला. जून २००० मध्ये अहवाल आला. शिकारवाले आणि विरोधक दोघांचं ऐकून घेऊन समितीनं लिहिलं की कुत्र्यांनी पाठलाग करून पकडणं आणि मारणं यानं कोल्ह्याच्या स्वास्थ्याला गंभीर बाधा पोहोचते. कुत्र्यांच्या शर्यतीत मारल्या जाणाऱ्या सशाबद्दलही तेच. हा अहवाल एकतर्फी नाही, म्हणूनच मला तो महत्त्वाचा वाटतो. कोल्हा एकदा कळपाच्या तोंडी सापडला की बहुतेकदा काही सेकंदांतच शुद्ध हरपते आणि मरण येतं, हे त्यात कबूल केलेलं आहे. शिकारीवर पोट असलेल्यांचे पूर्णवेळ रोजगार सहा ते आठ हजार भरतील, हेही लिहिलेलं आहे. एवढं सगळं तराजूत घालून मग त्यांनी ते वाक्य लिहिलंय. आणि 'काही सेकंद' हे शेवटचे. त्याआधीचा पाठलाग कुठल्या हिशेबात धरायचा?

कुत्र्याच्या वेदनांचं तर मेसेजमध्ये नावही नाही. कारवानची कातडी किती पातळ असते ते पाळणाऱ्याला ठाऊक आहे. अंधारात काटेरी तारेवरून उडी चुकली की बरगडीपासून मांडीपर्यंत कापडासारखी फाटते. ती सशाची शिकार. डुकराच्या सुळ्यानं पोट फाडलेलं कुत्रं पोत्यात घालून गावातल्या जनावरांच्या डॉक्टरकडे आणायचं आणि 'तारेत अडकलं' सांगायचं, हा ठरलेला कार्यक्रम. डॉक्टरलाही माहीत असतं, तो बिचारा टाके घालतो.

आता इंग्लंड. बातमी वीस वर्षं शिळी आहे. स्कॉटलंडनं २००२ मध्ये कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ चा शिकार कायदा १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. लॉर्डांच्या सभागृहानं अडवून धरला, तेव्हा त्यांना वळसा घालून तो मंजूर करावा लागला, इतकं भांडण झालं. आजचे राजे चार्ल्स शिकारीला जायचे ते या बंदीच्या आधी. सशामागे कुत्री पळवण्याविरुद्ध तर २०२२ मध्ये कायदा आणखी कडक केला, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि अमर्याद दंड. मेसेजवाल्याच्या बाजूनं एवढंच बोलता येईल की पळवाटा राहिल्या. उंदीर आणि तिथल्या बिळात राहणाऱ्या सशाला कायद्यात सूट आहे. शिवाय 'आम्ही फक्त आधी ओढून ठेवलेल्या वासामागे कुत्री नेतो' असं सांगून लाल कोटवाले अजूनही घोड्यांवरून निघतात, वाटेत कोल्हा 'चुकून' सापडतो. म्हणून तर २०२४ च्या निवडणुकीत मजूर पक्षानं तेही बंद करू असं जाहीरनाम्यात लिहिलं. तिथे वाद बंदी घट्ट करण्यावर चाललाय, उठवण्यावर नाही.

शिकार थांबली तर कोल्हे माजतील, ही भीतीही तिथे घालून झाली होती. २००१ मध्ये लाळ्या-खुरकूतच्या साथीमुळे जवळजवळ वर्षभर शिकार बंद होती. त्यानंतरच्या पाहणीत कोल्ह्यांची संख्या वाढल्याचं दिसलं नाही. तो अभ्यास २००२ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. कोल्ह्याचं गणित रानडुकराला लागू होत नाही, हे मलाही कळतं. पण इंग्लंड तुम्हीच काढलंत. आणि आपल्या 'परंपरे'त त्या गोऱ्या साहेबांना घेतलंत, ज्यांनी उटीला आणि पुण्या-खडकीला हाउंडांचे कळप बाळगून कोल्ह्यांमागे घोडे दामटले. ही कुणाची परंपरा? खुद्द कोल्हापुरात पाळीव चित्ते सोडून काळविटं मारायची रीत होती, ती तर अस्सल देशी. पुढे देशातला चित्ताच संपला आणि १९५२ मध्ये तो नामशेष जाहीर झाला.

कारवान नामशेष होईल, याला फार वेळ देत नाही. त्याच रक्ताचं मुधोळ २००५ मध्ये टपाल तिकिटावर आलं, पुढे लष्करानं प्रशिक्षणासाठी नेलं, त्यासाठी कोणाला ससा मारावा लागला नाही. कुत्रं पळवायचंच असेल तर दोरीला चिंधी बांधून चाकावर ओढा, ते तितकंच जीव तोडून पळतं. जात बिघडतेय ती भलत्या कुत्र्यांशी केलेल्या संकरानं आणि पिलांच्या बाजारानं. नामशेषाचीच काळजी असेल तर सोलापूरच्या नान्नजला अभ्यासकांना काय दिसलं ते बघा. कुत्र्यांच्या वावरात खोकड तिथलं खाणं टाळते आणि कुत्र्यांतले विषाणूजन्य रोग तिच्यातही आढळलेत.

त्या मेसेजखाली कोणीतरी 'मग पारध्यांना का नाही बोलत' असं टाकलंय. इंग्रजांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्या आडोशाला आज बोलेरोवाल्यांनी लपावं? रीलमधल्या गाड्यांचे नंबर बघा, त्या कोणाच्या दारात उभ्या असतात ते गावाला माहीत आहे.

राहता राहिला तो खात्री करून देणारा वकील. त्याचं नाव नाही, एक कलम नाही, निकाल नाही. कलम २ चा सोळावा खंड आणि कलम ९ मिळून पानभरही मजकूर नाही. तो तरी त्यानं वाचलाय का, एवढं मेसेज टाकणाऱ्यानं त्याला विचारावं आणि त्याच ग्रुपवर उत्तर टाकावं.